इथपर्यंत

गंगापूर रोडच्या शोरूममधला पोरगा
टेप न उघडताच म्हणाला,
"काकू, हे सगळं काढून टाकू.
तीन दिवसांत नवं किचन,
आवाज न करता मिटणारी दारं."

मला आवाज करणारी दारं आवडतात.
अर्ध्या रात्री लाडवाच्या डब्याकडे कोण वळलं
ते अंथरुणातच कळतं.

म्हणून डिसेंबरात,
निफाडचा पारा सहावर असताना
आणि आमच्या इंदिरानगरात जेमतेम नऊ,
मी बारा दारं बिजागऱ्यांतून सोडवली,
पाठीवर खडूनं आकडे घातले,
स्क्रू वाटीत टाकले, वाटी ह्यांच्या हातात दिली.
हे तासातासाला मोजतात. अठ्ठेचाळीस.
एकदा सत्तेचाळीस भरले,
तर सापडेपर्यंत घरात चहा झाला नाही.

आधी धुणं. सोडा, कढत पाणी, ह्यांचं जुनं बनियन.
चौतीस वर्षांच्या फोडण्या सुटून आल्या,
केतकीच्या दहावीत करपलेलं दूधही असेल त्यात.
गॅसवरच्या दाराला तर हिंगानं असं धरलेलं
की तिसरं पाणी बदललं
तरी बादलीला वरणाचा वास.

मग पॉलिश पेपर. ऐंशी नंबर, एकशेवीस,
शेवटी दोनशेवीस, मांजराच्या जिभेसारखा.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये सत्तावीस वर्षं
मी नोटांमधल्या चुका धरल्या:
सरकलेली रेघ, फुटलेली शाई.
आता त्याच नजरेपुढे सागाच्या रेघा,
एक दुसरीसारखी नाही,
आणि बाद कुठली करायची ते कळेना.

शेजारच्या टिळेबाई डोकावून गेल्या.
दारांशिवायचं कपाट म्हणजे
पदर सावरायच्या आत कुणी बेल वाजवावी तसं.
माझ्याकडे सात चहाच्या गाळण्या आहेत
हे त्यांना कळलं, आणि मलाही.

सातव्या दारामागचा कप्पा.
फळीवरचा पिवळा पडलेला पेपर उचलला,
तर बाजूच्या लाकडावर पेन्सिलीची आडवी रेघ
आणि निवृत्ती मिस्त्रींचं ठसठशीत अक्षर:
'बाईंचा हात इथपर्यंत.'

आठवलं. कणकेचा हात तसाच वर धरून
मी उभी होते, शाळेत परवानगी मागावी तशी,
आणि मिस्त्री ओरडले होते,
"टाचा टेकवा! टाचा उचलून
रोजचा स्वयंपाक होत नसतो."

मी हात वर केला.
टाचा टेकवून.
खांदा कानापाशी येऊन अडला.
रेघ एक वीत वर राहिली.

दोन वर्षं मी स्टुलावर चढतेय
आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेय,
कपाट फार जुनं झालंय.

हे काही बोलले नाहीत.
वाटी ओट्यावर ठेवली, पेन्सिल शोधून आणली,
म्हणाले, "टाचा."
मग फळीखालच्या पट्ट्या सोडवल्या,
नव्या रेघेवर ठोकल्या,
दोनदा हातोडी बोटावर.

मिस्त्री मखमलाबादला असतात, मुलाकडे.
फोनवर मी ओरडून सांगितलं, रेघ सापडली!
"वाळवी आहे का?"
नाही.
"मग झालं," आणि फोन ठेवला.

रंग रविवार कारंजावरून आणला.
शेड कार्डवर त्याला काहीतरी फ्रेंच नाव होतं;
आमच्याकडे तो साखर भरायच्या आठवडाभर आधीच्या
द्राक्षाचा रंग.
थंडीत वाळता वाळेना,
बारा दारं चार दिवस गॅलरीत
उन्हाला टेकून उभी.

सातव्या कप्प्यात आतून ब्रश फिरवला नाही.
दोन रेघा आहेत तिथे, खालचीला अक्षर नाही.
काय लिहू, ह्यांनी विचारलं होतं.
राहू दे म्हटलं,
अजून खाली बरंच लाकूड आहे.

वाटीत एक स्क्रू उरलाय.
हे सकाळपासून प्रत्येक दार हलवून बघतायत.